वधूचा शृंगार आणि शृंगारणारे हात

श्रोत्यांपैकी ज्यांनी माहूरचा गड चढून रेणुकामातेचे दर्शन घेतले असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. कोल्हापुरास व तुळजापुरास देवी पूर्ण मूर्तिरूपाने उभी आहे. माहुरास मात्र केवळ मुख आहे. या मुखास तांदळा असे म्हणतात. शेंदराने माखलेला विशाल चेहरा, भाळी मळवट, नाकी नथ, मस्तकी मुकुट आणि मुखात कुटलेल्या विड्याचा तांबूल, एवढ्यातच देवीचे सारे रूप सामावलेले आहे. देह नाही म्हणून शृंगाराचे काही अडले नाही. उलट जो काय शृंगार करावयाचा तो एका मुखाचाच असल्यामुळे तो करणाऱ्यास तेथे फार जपून हात चालवावा लागतो.

लग्नसराई सरत आली की नवपरिणीत जोडपी या गडावर ओटी भरण्यास येतात. पैनगंगेच्या पलीकडून वऱ्हाडातील येतात, दक्षिणेकडून नांदेड-परभणीची येतात, पूर्वेकडून तेलंगणातील येतात. माहूर हे गाव १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. किनवट तालुका, ज्यात माहूर मोडत असे, तो १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता व त्यानंतर नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. साहजिकच या मुलखात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी व बंजारा या बोली एकाच बाजारात ऐकू येत आल्या आहेत. दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या चार नववधूंकडे लक्ष देऊन पाहावे. एकीच्या कपाळी आडवा मळवट आणि हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा आहे. दुसरीच्या केसांतून कानांवर चांदीच्या घुगऱ्या लोंबत आहेत. तिसरीच्या हनुवटीवर व मनगटांवर गोंदण आहे. चौथीची वेणी मुळापासून शेवटापर्यंत फुलांनी मढविलेली आहे. या चौघींस नटविले कोणी, आणि नटविण्याचा तो अधिकार त्या हातांस मिळाला कसा, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. राजांच्या लग्नांतील खर्चाचे आकडे दप्तरांत सापडतात. वधूची वेणी कोणी घातली, याची नोंद ठेवण्याचे कारकुनास कारण पडले नाही.

नटविण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे, आणि ती एक नसून अनेक आहेत असे प्राचीन मानीत. वात्स्यायनाने सांगितलेल्या चौसष्ट कलांत कपाळावरील तिलकासाठी पाने कातरणे ही एक कला. दात, वस्त्र व अंग रंगविणे ही दुसरी. केसांचे मर्दन करून ते स्वच्छ करणे ही तिसरी. मस्तकावर फुलांचे तुरे बांधणे ही चौथी. आणि सुगंधी द्रव्ये सिद्ध करणे ही आणखी निराळी. आज एकाच बाईकडून केस, चेहरा, मेंदी आणि साडी ही चारही कामे एका सकाळी उरकून घेण्याची अपेक्षा असते, तेव्हा ही जुनी विभागणी आठवावी.

या विद्येने पोट भरणाऱ्या स्त्रीचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे विराटाच्या घरची सैरंध्री. अज्ञातवासात द्रौपदीने राणी सुदेष्णेपाशी केशरचना, उटणी व माळा गुंफण्याचे काम पत्करले. परंतु पत्करताना तिने अटी घातल्या: कोणाचे उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही. संस्कृत कोशकारांनीही सैरंध्रीचे लक्षण सांगताना ती दुसऱ्याच्या घरी राहणारी, परंतु स्वतःच्या इच्छेने वागणारी शिल्पज्ञ स्त्री असे म्हटले आहे. दासी आणि सैरंध्री यांतील भेद तो हाच. दासीला कामाची निवड नाही; सैरंध्रीला आहे. पुढे कित्येक शतके हा भेद पुसला गेला, आणि तो पुन्हा कायद्याने मान्य होण्यास, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, २०१४ साल उजाडावे लागले.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हातात आरसा घेऊन प्रसाधन करणाऱ्या एका राजस्त्रीचे चित्र आहे. भोवती सेविका उभ्या आहेत. हे लेणे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळचे. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, माहुराहून पैनगंगा ओलांडून वायव्येस गेले असता लागते. तेव्हा हे चित्र या मुलखास परके नव्हे. अजिंठ्याच्या चित्रकारांपाशी रंग मोजकेच होते: गेरू, पिवळी माती, हिरवट माती, काजळी, चुना आणि बाहेरून आणलेला लाजवर्दाचा निळा. एवढ्या सामग्रीत त्यांनी गव्हाळ, सावळ्या, तांबूस व काळसर अशा किती तरी कांतीच्या स्त्रिया एकमेकींशेजारी रंगविल्या आहेत, आणि सावळीला सुंदर करावयाचे म्हणून तिला पांढरी केलेले नाही. प्रत्येकीच्या कांतीचा उजेड त्या कांतीतूनच काढला आहे. नटविणाऱ्यांच्या धंद्यात पुढे जो मोठा प्रमाद शिरला, तो या चित्रकारांनी केला नव्हता.

मराठी वाङ्मयात स्त्रीचे पहिले शब्द जे उमटले तेही लग्नघरातच. महानुभाव पंथातील महदाइसेने तेराव्या शतकाच्या अखेरीस रचलेले धवळे ही विवाहप्रसंगीची गाणी होत. आणि या पंथाच्या परंपरेत माहूर, अर्थात मातापूर, हे दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून पूज्य आहे. योगायोगाची गोष्ट अशी की, माहूर-किनवटकडच्या बंजारा तांड्यांतही नवरीने सखीच्या गळ्यात पडून, रडत रडत म्हणावयाच्या गाण्यांस ‘ढावलो’ हेच नाव आहे. दोन्ही शब्दांचे मूळ एक की निराळे हा पंडितांचा विषय. कानाला मात्र ते सख्खे वाटतात.

आता गावगाड्याकडे यावे. मराठवाड्यातील जुन्या गावात लग्न निघाले की यजमानास माणसे शोधावी लागत नसत. ती ठरलेलीच असत. कुंभाराने मडकी आणावयाची, सुताराने चौरंग व मांडवाचे काम करावयाचे, परिटाने पायघड्या अंथरावयाच्या, माळ्याने फुले द्यावयाची, न्हाव्याने वराचे श्मश्रू करून त्यास आरसा दाखवावयाचा व वरातीत मशाल धरावयाची. या प्रत्येकाचा मान वेगळा, हक्क वेगळा आणि खळ्यावरचे बलुतेही वेगळे. न्हाव्याचा हात जड आहे म्हणून यजमानाने दुसरा बोलवावा, अशी सोय नव्हती. आणि यजमान कद्रू आहे म्हणून न्हाव्याने त्याचे घर टाळावे, अशीही सोय नव्हती. दोघेही एकमेकांस जन्माने बांधलेले. या व्यवस्थेत बेकारी नव्हती असे तिचे स्तुतिपाठक म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. निवडही नव्हती, हे मात्र सांगावयाचे राहून जाते.

खुद्द वधूच्या अंगाला हात लावण्याचे काम घरच्या व भाऊबंदांच्या सवाष्णींकडे असे. जात्याला हळकुंडे बांधून दळण सुरू करावयाचे, वराची उष्टी हळद आली की ती वधूस लावावयाची, न्हाऊ घालावयाचे, अष्टपुत्री नेसवून गौरीहरापाशी बसवावयाचे. केसांस शिकेकाई व रिठे, अंगास हळद, डाळीचे पीठ व तेल, डोळ्यांत एरंडेलाच्या ज्योतीवर धरलेले काजळ, कपाळी मेण लावून त्यावर कोरलेले कुंकू. हे कुंकूही घरगुती रसायनच होते. हळदीस चुना किंवा टाकणखार यांसारखा क्षार मिळाला की तिचा पिवळा रंग पालटून लाल होतो. त्यातच जुन्या कुंकवाचे सारे रहस्य आहे. शेंदराचे तसे नाही. शेंदूर हे शिशाचे तांबडे भस्म होय. ते पाषाणाच्या देवास चालते, माणसाच्या कातडीस घातक ठरते. जाणत्या बायका देवीचा शेंदूर आणि नवरीचे कुंकू यांची डबी एक करीत नसत.

घराबाहेरचा एकच पुरुष असा होता, की जो वराच्याही आधी वधूचा हात हाती घेई: बांगड्या भरणारा. कोठे तो कासार असे, आणि मराठवाड्यात कित्येक गावी मुसलमान मणियार असे. अनेकदा त्याची बायकोही बरोबर येई. ओसरीवर घोंगडी टाकून त्यास बसवावयाचे, बांगड्यांच्या माळा सोडून मांडावयाच्या, पहिली बांगडी देवीच्या नावे बाजूस ठेवावयाची आणि मग वधूला चुडा भरावयाचा. या माणसाचे कौशल्य पाहण्यासारखे असे. हात पाहताच तो माप ओळखी. तेलाचे बोट फिरवून, अंगठ्याच्या मुळाशी असलेले हाड हलकेच आत दाबून, तळव्याची नळी करून तो मनगटाहून फारशी मोठी नसलेली काचेची बांगडी चढवी, आणि ओरखडाही उमटत नसे. शेतात राबणाऱ्या मुलीचा रुंद, ताठर तळवा आणि वाड्यातील मुलीचा मऊ तळवा यांस निराळी युक्ती लागते हे त्यास ठाऊक असे. चुकून एखादी तडकली तर ‘फुटली’ म्हणावयाचे नाही, ‘वाढली’ म्हणावयाचे. नवरीच्या मागोमाग घरातील साऱ्या सुवासिनी, आलेल्या लेकी, शेजारणी हात पुढे करीत. पुरुषास स्त्रीच्या पदराकडे पाहण्याचीही बंदी असलेल्या समाजात, परधर्मी पुरुषाने नववधूचा हात अर्धी घटका हाती धरावा आणि त्यात कोणासच काही वावगे वाटू नये, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

परंतु या चित्रास दुसरी बाजू आहे. वधूस हळद लावणारा हात सवाष्णीचाच पाहिजे, या नियमामुळे विधवा आई स्वतःच्या लेकीच्या लग्नात माजघराच्या दाराआड उभी राही. जिने त्या केसांची चौदा वर्षे वेणी घातली, तिला त्या एका दिवशी फणी हाती धरण्याची मनाई. उच्चवर्णीयांत तर तिचे स्वतःचे केसही उरलेले नसत. ते कापावयास येणारा न्हावी तोच, जो लग्नात वरास आरसा दाखवून ओवाळणी घेई. हे काम न्हाव्यांसच असह्य झाले, असे म्हणावयास आधार आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली व विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निर्धार तीत झाला. आपल्या हातांनी कोणते काम करावयाचे आणि कोणते नाही, हे कारागिरांनी स्वतः ठरविल्याचे या धंद्याच्या इतिहासातील हे ठळक उदाहरण होय. द्रौपदीच्या अटींशी त्याचे नाते जोडावयास हरकत नाही.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या दारी तर गावचा न्हावी जातच नसे. त्यांच्या वधूवरांस त्यांच्यातीलच माणसांनी नटवावयाचे. म्हणजे गावगाड्यात एका वर्गास निवड नव्हती, आणि दुसऱ्या वर्गास निवडावयास माणूसच नव्हता.

निजामाच्या राज्यातील जातिजमातींविषयी सय्यद सिराज-उल-हसन यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. तशा ग्रंथांतून आणि लोकांच्या आठवणींतून जे चित्र उभे राहते ते असे, की माहूरच्या परिसरात प्रत्येक समाजाने आपल्या वधूसाठी आपापले हात तयार ठेवले होते. तेलंगणात मंगली, म्हणजे तिकडील न्हावी, लग्नात वाद्ये वाजवी आणि त्याच्या घरच्या स्त्रिया सुईणीचे काम करीत. मुसलमान घरांत ‘मांझा’च्या दिवसापासून वधूस पिवळी वस्त्रे देऊन उटणे लावीत. खानदानी घरांत हे काम मश्शाता करी. हा शब्द मूळ अरबीतला असून फारसी-उर्दूतून दख्खनेत आला. फणी करणारी असा त्याचा अर्थ. परंतु मश्शाता नुसती वेणीफणी करून थांबत नसे, ती घरोघर फिरून स्थळेही जुळवी. मुलगी पाहण्याची संधी जिला मिळते, तिच्याच हाती मुलगी दाखविण्याची कलाही असावी, यात नवल नाही. दात काळे करण्याची मिस्सी मुसलमान घरांत होती, तसे मराठ्यांच्या घरांत सुवासिनीचे दातवण होते. पांढरेशुभ्र दात हे त्या काळी पोरपणाचे लक्षण मानीत. सौंदर्याच्या कल्पना किती पालटतात हे पाहावयाचे असेल तर आजीच्या दातवणाची डबी आठवावी.

तांड्यावरील बंजारा वधूचे केस तांड्यातील बायकाच विंचरीत, आणि विवाहितेची खूण म्हणून त्यांत घुगरी व टोपली हे दागिने गुंफीत. हे दागिने जड असतात. कानांवरचे केस बारीक पेडांत घट्ट वळून त्यांवर तो भार तोलावा लागतो. शहरातील सफाईदार अंबाडा घालणाऱ्या हातास हे काम जमेलच असे नाही. राजगोंडांत लग्नाआधी मुलीच्या अंगावर गोंदण असणे अगत्याचे मानीत. आदिलाबादेकडे हे काम थोटी जमातीच्या स्त्रिया करीत. त्यांचे पुरुष गोंडांचे भाट. या गोंडांचे विस्तृत वर्णन क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी केले असून त्यांचा ग्रंथ १९४८ साली, हैदराबादचे राज्य मावळले त्याच वर्षी, निघाला. गोंदणारणीची कला सावळ्या कातडीवरच वाढलेली आहे. काजळीचा ठिपका कातडीखाली गेला की निळसर-हिरवा दिसतो. गडद कांतीवर तो उठून दिसावा म्हणून ठिपके किती जवळ घ्यावयाचे, हे तिला गुरूवाचून कळलेले असे.

हे सर्व हात एकमेकांच्या अंगणात फारसे जात नसत. जाण्याचे कारणही नव्हते, कारण लग्नघरातील सर्व स्त्रिया एकाच जातीच्या असत. वधूच्या मागे करा घेऊन उभी राहणारी करवली ही सख्खी नाही तर चुलत बहीण, आणि सासरी सोबत जाणारी पाठराखीण ही घरचीच वडीलधारी. चेहरे निराळे, पण केसांचा व कांतीचा घाट बहुधा घरातलाच. नटविणारीला त्याची पिढीजात ओळख.

ही घडी मोडली ती आधी शहरांत, आणि मोडण्याचा मान, थोडा चमत्कारिक वाटेल, पण एका पुरुषाकडे जातो. नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व, यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांच्या भामिनीची व सिंधूची नेसण, त्यांचा अंबाडा, त्यात माळलेली फुले यांचे अनुकरण पुण्यामुंबईच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने नटून दाखवावे आणि स्त्रियांनी त्याबरहुकूम नटावे, असे काही वर्षे चालले होते. याचा परिणाम असा झाला की, शृंगाराचा नमुना घरच्या आत्याबाईंकडून निघून रंगभूमीकडे गेला, आणि पुढे चित्रपटांकडे.

नमुन्याच्या मागोमाग डबी आली. मुंबईच्या ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ साली ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. टाटांनी १९५२ साली ‘लॅक्मे’ सुरू केले. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेच्या नायिकेचे, आणि ती नायिका म्हणजे आपली लक्ष्मी. विलायती मालाची जागा देशी मालाने घेतली ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु हिम म्हणजे बर्फ. नावातच रंगाचा निकाल लागून गेला होता. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ निघाले, आणि त्याने आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द टाकला तो २०२० साली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हा शब्द किती वेळा छापला गेला असेल, त्याची मोजदाद नसलेलीच बरी. अजिंठ्याच्या चित्रकाराने जो प्रमाद केला नव्हता तो हा. सावळ्या मुलीच्या तोंडावर तिच्या कांतीहून दोन छटा फिकी भुकटी थापली की चेहरा उजळत नाही. राखुंडी लावल्यासारखा होतो, आणि गळा व हात निराळ्याच बाईचे दिसतात. जुन्या लग्नांच्या छायाचित्रांत अशा किती तरी नववधू आहेत, की ज्यांच्याकडे पाहून त्यांच्या मुलींस आई ओळखू आली नाही.

चित्रपटांच्या रंगपटात आणखी एक विपरीत नियम रूढ झाला. चेहरा रंगविण्याचे काम पुरुषाने करावयाचे, आणि स्त्रीने केवळ केस करावयाचे. मुंबईच्या सिने कॉस्च्युम मेक-अप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनच्या नियमांतच ते तसे होते, आणि त्याजोडीला महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही होती. स्त्रियांस प्रवेश दिला तर पुरुषांची उपजीविका बुडेल, असे समर्थन यासाठी पुढे करण्यात आले. चारू खुराणा या रंगभूषाकार स्त्रीने परदेशात रीतसर शिक्षण घेतले होते. तिला सभासदत्व नाकारले गेले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा व न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या पीठाने हे नियम राज्यघटनेतील समतेच्या व उपजीविकेच्या हक्कांविरुद्ध ठरवून रद्द केले. बलुत्याच्या काळी जन्माने जे काम बांधून दिले जाई, त्याचाच हा शहरी अवतार होता. जातीच्या जागी लिंग आले होते, इतकेच. ज्या देशात शृंगाराची विद्या सैरंध्रीच्या नावाने ओळखली जाई, तेथे स्त्रीला दुसऱ्या स्त्रीच्या कपाळी रंग लावण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, यास दैवदुर्विलास म्हणण्यापेक्षा आणखी कडक शब्द वापरणे शक्य आहे.

आता नांदेड, लातूर येथेच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही ब्युटी पार्लरे आहेत, आणि ती चालविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच. लग्नघराचे रूपही पालटले आहे. वधू महाविद्यालयात शिकलेली, नोकरी करणारी. तिच्यामागे करा धरणारी चुलत बहीण अद्याप असतेच, परंतु तिच्या जोडीला वसतिगृहातील मैत्रीण किनवटच्या तांड्यावरची, कचेरीतील सोबतीण हैदराबादची, आणि शेजारची नांदेडच्या जुन्या मोहल्ल्यातील असते. पूर्वी चार अंगणांत विभागलेले चार प्रकारचे केस व चार प्रकारच्या कांती आता एका खोलीत, एका आरशासमोर, एका मुहूर्ताच्या आत नटावयाच्या असतात. निवडीचे स्वातंत्र्य आले, आणि त्याबरोबर निवडीचा पेचही आला.

हा पेच ज्या घरांनी नीट सोडविला त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नटविणारीच्या दुकानातील रंगीत छायाचित्रांवर ती घरे भुलत नाहीत, कारण त्यांत बहुधा एकाच गोऱ्या मुलीचे दहा अवतार असतात. गडद कांतीच्या, कुरळ्या व दाट केसांच्या, प्रौढ चेहऱ्याच्या स्त्रियांवर केलेले काम दाखव, असे तीस सांगतात. एकवार सराव करून पाहतात, आणि तो दिव्याखाली नव्हे, तर दिवसाच्या उजेडात, कारण मांडवातील लग्न उन्हात लागते आणि रंगाची चूक ऊन लपवीत नाही. डोके झाकणाऱ्या मैत्रिणीसाठी पडद्याची खोली व स्त्रीच नटविणारी हवी, हे आधी बोलून ठेवतात. ज्या मुलीस घुगरी-टोपली घालावयाची असेल, तिच्या तांड्यातील एखाद्या जाणत्या बाईस मानाने बोलावतात व पार्लरची बाई तिच्या हाताखाली उभी राहते. यात कोणाचाच कमीपणा होत नाही. काळी मेंदी म्हणून जे विकले जाते ते मात्र टाळतात. मेंदीचा स्वाभाविक रंग नारिंगी-तपकिरी असतो. काळा रंग आणण्यासाठी तीत केस काळे करण्याचे रसायन मिसळलेले असते, आणि त्याने हातावर फोड उठल्याची उदाहरणे डॉक्टरांच्या परिचयाची आहेत. कोणतेही नवे लेपन दोन दिवस आधी कानामागे लावून पाहावे, हा वैद्यांचा सल्ला सोपा आहे, पण लग्नाच्या घाईत तो पहिल्याने विसरला जातो.

आणि वेळेचा हिशेब. एका डोक्यास एक तास धरला, तरी वधू व पाच करवल्या मिळून सहा तास होतात; मुहूर्त सकाळी साडेदहाचा असला तर पहिली मुलगी पहाटे साडेचारला आरशासमोर बसली पाहिजे. एकटी बाई हे काम घेते म्हणाली तर ती आपल्या हाताविषयी नव्हे, घड्याळाविषयी चुकत असते. म्हणून जाणती घरे दोघी-तिघींस एकत्र बोलावतात, केसांची एक, चेहऱ्याची एक. म्हणजे वात्स्यायनाची जुनी विभागणी पुन्हा आपल्या पायांनी घरी येते. कोणाला काय शुल्क, मागील मंडळींपैकी कोणाचे पैसे घरचे देणार व कोणाचे त्यांचे त्यांनी, हेही आधीच ठरलेले बरे. बलुत्याच्या जागी करार आला. पण मानापमान गेलेले नाहीत, आणि करवलीला वधूपेक्षा कमी वेळ मिळाला म्हणून रुसवा धरल्याची गोष्ट आजही प्रत्येक घरात एक तरी सापडेल.

विधवा आईचे काय झाले, हे कोणी विचारील. पुष्कळ घरांतून ती आता दाराआड उभी राहत नाही. लेकीला पहिली हळद आईनेच लावावी असा आग्रह धरणाऱ्या मुली निघाल्या आहेत, आणि वडीलधाऱ्यांनी चार दिवस कुरकुर करून तो मानला आहे. सर्वत्र तसे झालेले नाही, हेही खरे.

हिरव्या चुड्याच्या बाबतीत मात्र माहूरकडच्या किती तरी घरांत अजूनही बांगड्या भरणाऱ्यालाच बोलावणे जाते. दुकानातून मापाच्या बांगड्या आणून ठेवणे सोपे असते, पण तसे केलेले आजीला चालत नाही. ओसरीवर सतरंजी पडते, माळा सुटतात, पहिली बांगडी देवीच्या नावे बाजूस निघते. वधूच्या तळव्याला तेल लावून, अंगठ्याचे मूळ हलकेच दाबून तो एकेक बांगडी चढवीत असतो, आणि तासाच्या दराने ठरविलेली रंगभूषाकार आपली पेटी मिटून, आपलाही हात पुढे करण्यासाठी रांगेत जाऊन बसते.